रावसाहेबांना बाण नेमका कुठे लागला

इचलकरंजीहून चंद्रपूरकडे निघताना सामानात काय घ्यावं असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन की स्वेटर घ्या, टोपी घ्या, पोटाच्या गोळ्या घ्या, पण फोमचं हरिण घेऊ नका. रेल्वेत ते बर्थखाली मावत नाही, आणि बर्थवर ठेवलं तर टीसी त्याचं तिकीट मागतो. मी दोन्ही करून पाहिलं.

या हरणाचं नाव रावसाहेब. पूर्ण वाढलेला नर, रुंद छाती, डोक्यावर शिंगं, आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल नाराजी. तिरंदाजीच्या सरावासाठी परदेशात बनवलेला हा पुतळा आहे. त्याचं डोकं मानेपासून निघतं. पुढच्या पायाच्या जरा मागे, बरगडीवर, एक वर्तुळ कोरलेलं आहे; बाण त्यात लागला की दहा गुण. गेली चार वर्षं रावसाहेब आमच्या गच्चीवर उभे आहेत आणि मी रोज सकाळी कापडाचं दुकान उघडण्याआधी त्यांना दहा गुणांनी मारतो.

हा उद्योग सुरू झाला तो माझा मेहुणा दिलीप याच्यामुळे. तो अमेरिकेत असतो. तिथे ठरलेल्या मोसमात, परवाना काढून, धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण दिलीपने येत्या नोव्हेंबरसाठी बोलावलं, परवान्याची व्यवस्था करतो म्हणाला, आणि मी हौशी नाटकात आयुष्यभर राजाची कामं केलेला माणूस. जेवताना मी घरात जाहीर करून टाकलं.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, आवाज चढवत नाही. ती भात वाढता वाढता म्हणाली, "गच्चीवरचा तो ओरडत नाही म्हणून तुम्हाला सोपं वाटतंय. खरं जनावर अर्धवट जखमी करून सोडलंत तर? ज्याने हे आयुष्यात खरंच केलंय, अशा एका माणसाकडून तुमच्यासाठी 'हो' घेऊन या. मग खुशाल जा. 'नाही' म्हणाला तर विषय संपला."

तेव्हा हा सगळा प्रवास एका शब्दासाठी होता. मला खात्री होती की तो शब्द मी पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच खिशात घालीन.

मूल

चंद्रपूरच्या पुढे मूल नावाचं गाव आहे, तिथे माझे जुने गिऱ्हाईक यूसुफभाई राहतात. कापडाचा व्यापार. वर्षातून दोनदा इचलकरंजीला माल घ्यायला येतात आणि माझ्याशी भावावरून भांडून, जेवून, परत जातात. एटापल्लीकडच्या आठवडी बाजारांत त्यांच्या वडिलांपासूनची बैठक आहे, त्यामुळे तिकडची गावं त्यांना तोंडपाठ. जुना तिरंदाज हवा म्हणताच ते फोनवर म्हणाले होते, "हाय एक. कोमटीदादा. माडिया आदिवासी हाय. कायदा तिथी पोचला नव्हता तवाचा माणूस. पण शेठ, तो बोलते कमी अन् हसते जास्त. सांभाळून या."

सकाळी त्यांच्या घरी लाखोळीच्या डाळीचे गरम वडे खाल्ले. आमच्याकडे वडा म्हटलं की बटाट्याचा, पाव असलाच पाहिजे, आणि खाताना घाम आलाच पाहिजे. हा वडा शांत स्वभावाचा निघाला. वरून खरपूस, आत खमंग, शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा. मी सात खाल्ले. यूसुफभाईंनी मोजले नाहीत असं दाखवलं.

मग जीपमध्ये रावसाहेबांना चढवायचा सोहळा झाला. धड मागच्या बाजूला कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवं. डोकं मात्र शिंगांमुळे कुठे बसेना. शेवटी यूसुफभाईंनी ते मधल्या सीटवर ठेवलं आणि त्याला बेल्ट लावला. "पुढं वळणं लय हायेत," ते गंभीरपणे म्हणाले, "म्हाताऱ्याले चक्कर नको याले."

फेब्रुवारीतली सकाळ होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या. बांध्या म्हणजे भातखाचरं. त्यांच्या मधल्या मातीच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. कापलेल्या धसकटांवर गुरं सोडलेली, आणि बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, काठी बगळे एका पायावर उभे. ऊस पाहत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना हे रान फार मोकळं वाटलं. आमच्याकडे उसाने क्षितिज झाकलेलं असतं. इथे ते उघडं पडलेलं आणि त्याच्या टोकाला जंगलाची निळी रेघ. वैनगंगा ओलांडली, गडचिरोली मागे टाकलं, आणि ती रेघ हळूहळू झाडं होऊन दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली. पानगळ झालेले साग, आणि मध्येच पेटल्यासारखा पळस.

नाका

आलापल्लीच्या अलीकडे एका तपासणी नाक्यावर आम्हाला थांबवलं. वनरक्षक तरतरीत होता. त्याने खिडकीतून आत पाहिलं. रावसाहेबांनी, बेल्ट लावलेल्या अवस्थेत, त्याच्याकडे पाहिलं.

"खाली उतरा."

आम्ही उतरलो. त्याने शिंगाला हात लावला आणि अत्यंत सभ्य आवाजात विचारलं, "हे कुठी मारलं?"

"गच्चीवर," मी खरं तेच सांगितलं.

यूसुफभाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "शेठ, तुमी नका बोलू. बाप्पा, तुमी फक्त उभे राहा."

मग धड बाहेर काढलं, डोकं मानेत बसवलं, आणि भर दुपारी नाक्याच्या मधोमध रावसाहेब दिमाखात उभे राहिले. दोन ट्रकवाले, एक एसटी आणि बकऱ्या घेऊन चाललेली एक बाई एवढे प्रेक्षक जमले. मी माझं सगळं प्रकरण सांगितलं: मेहुणा, परवाना, सुनंदा, एक शब्द. मला प्रेक्षक मिळाले की मी थांबत नाही. वनरक्षकाने ऐकून घेतलं. मग तो रावसाहेबांपुढे उकिडवा बसला आणि पेनाचं टोक एकेका भोकात घालून पाहायला लागला.

"गोलात गजब मारले हायेत," तो म्हणाला. मी मान तुकवली.

पेन मागे सरकत गेलं. "अन् हे पोटातले? पाच, सहा... नऊ. हे नऊ हरणं कुठी गेले जी?"

चार वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. गच्चीवर पोटात लागलेल्या बाणाला पाच गुण मिळतात, आपण बाण उपसतो आणि चहा प्यायला खाली जातो.

त्याने वहीत लिहिलं, 'एक हरिण, खोटं.' आणि मला बजावलं, "गावात अन् शेतात का करायचं ते करा. रानात हे नेलं अन् कोणी लांबून पायलं, तं आमची पळापळ व्हते. शब्द द्या." मी शब्द दिला.

कोमटीदादांचं अंगण

गावाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या आणखी कोणी फोमचं हरिण घेऊन तिथे गेलं तर त्याचा दोष माझ्यावर नको. एटापल्लीपासून आत, शेवटचा भाग कच्चा रस्ता. कुडाची घरं, शेणाने सारवलेली अंगणं, आणि इतकी स्वच्छता की मी चपला दारापासून वीस फुटांवर काढल्या.

कोमटीदादा बांबूच्या कमच्यांचं सूप विणत बसले होते. सत्तरी पार केलेले, काटक, डोक्यावर पांढरे केस, डोळे मिश्कील. जोहार झाला, मी मेहुण्यापासून सुनंदाच्या अटीपर्यंत सगळं सांगितलं. ते सगळ्यांना तू म्हणतात, मलाही म्हणाले, आणि मला फार बरं वाटलं. शेठ ऐकून ऐकून कान विटले होते. त्यांची बायको जानोबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने रावसाहेबांना पायापासून शिंगापर्यंत पाहिलं आणि तांब्या ठेवून आत गेली. हा एकच समीक्षक मला पहिल्यापासून जड वाटला.

मी पेटी उघडून माझं धनुष्य काढलं. दोन टोकांना चाकं असलेलं आधुनिक धनुष्य. दादांनी एक चाक बोटाने फिरवलं.

"याले चाकं काऊन?"

"ओढायला सोपं जातं, दादा."

"मंग घंटी कुठी हाय?"

अंगणात जमलेलं अख्खं गाव हसलं. मी ठरवलं, आता पराक्रमच बोलेल. रावसाहेबांना अंगणालगतच्या एका धुऱ्यापुढे आडवं, म्हणजे कूस माझ्याकडे करून, उभं केलं, चाळीस पावलं मोजली, आणि तीन बाण सोडले. तिन्ही वर्तुळात. मी वळून प्रेक्षकांना लवून नमस्कार केला. टाळ्या झाल्या. यूसुफभाईंनी शिटी मारली. खिशात शब्द पडल्याचा आवाज मला जवळजवळ ऐकू आला.

"आता तू हरिण हो," कोमटीदादा म्हणाले.

"मी?"

"वाक. गवत खा. दोरी वाजली की खाली बस."

त्यांनी आपलं जुनं बांबूचं धनुष्य आणलं. माझी चाळीस पावलं चालून लांब गेले. बाण लावलाच नव्हता. नुसती दोरी ओढून उभे राहिले. मी, पंचावन्न वर्षांचा, दुखऱ्या गुडघ्यांचा कापडाचा व्यापारी, भर अंगणात चार पायांवर. टण्ण आवाज झाला आणि मी बसकण मारली.

"पायलं?" ते लांबून ओरडले. "तू म्हातारा, तरी बाण यायच्या आधी बसला! हरणाचे कान तुयापेक्षा चांगले हायेत. ते दोरी ऐकून आधी खाली दबते, मंग उडी मारते. तुया बाण पाठीवरून जाते, नाई तं पाठीत घुसते."

मग पंधरा पावलांवर येऊन पुन्हा दोरी वाजवली. या वेळी माझा गुडघा वाकायच्या आत त्यांनी तोंडाने 'लागला' म्हटलं होतं.

"पंधरा पावलं," ते म्हणाले. "पापणी दिसली पाहिजे. अन् मान खाली पाहिजे, कान ढिले पाहिजेत. कान उभे असले तं ते तुयीच वाट पाहून राह्यलं."

उरलेली दुपार मी एकही बाण सोडला नाही. दादांनी कोळसा घेतला आणि रावसाहेबांच्या अंगावर आतलं सगळं बाहेर काढलं. पुढच्या पायाच्या मागे श्वासाची जागा, त्याच्या तळाशी काळीज, आणि मागे मोठं थोरलं पोट. "श्वासात लागला तं शंभर पावलं जाते अन् झोपल्यासारखं पडते. पोटात लागला तं दिवसभर मरत राह्यते." मग त्यांनी एक लांब कमची घेतली आणि माझ्या बाणाच्या भोकातून आरपार घातली. "तू गोल पाहते. गोल कातड्यावर हाय. बाण कातड्यावर थांबते का? तो कुठून निघन ते पाय."

रावसाहेबांना त्यांनी थोडं तिरकं फिरवलं, तोंड आमच्यापासून पलीकडे. आता नेम वर्तुळाच्या मागे धरायचा, म्हणजे बाण तिरका पुढे सरकून पलीकडच्या पुढल्या पायाशी बाहेर येतो. प्रत्येक वेळी ते मला पलीकडे पाठवायचे, बाण जिथून निघायला हवा तिथे बोट ठेवायला लावायचे, आणि परत येऊन त्या न दिसणाऱ्या बोटावर नेम धरायला सांगायचे. चार वर्षांत मी फक्त बाण आत जाण्याची जागा शिकलो होतो. बाहेर येण्याची जागा मी या अंगणात पाहिली.

जेवायला भात, वाल घातलेली पातळ आमटी आणि लाल मुंग्यांची चटणी होती. आंबट, झणझणीत, आणि खाल्ल्यावर डोकं साफ. आमच्या तांबड्या रश्श्याचा मला गर्व आहे. पण त्या चटणीपुढे तो जरा आवाज करणारा पाहुणा वाटला.

"माझ्या बापाचा एक नियम होता," कोमटीदादा भात कालवत म्हणाले. "ज्याचा बाण पोटात लागन, तो जनावर सापडेपर्यंत अन्न घेणार नाई. पाणी प्यायचं. अन्न नाई."

"आता कोण पाळतं?" मी विचारलं.

"आता शिकार बंद हाय. बंदच बरं. जनावर उरलं किती?" ते हसले. "पण उद्या तुयी परीक्षा हाय. उद्या नियम हाय."

चौथा बाण

सकाळी परीक्षा सुरू झाली. पद्धत अशी: मी झोपडीमागे पाठ करून बसायचं. जानोबाई रावसाहेबांना डोक्यावर घेऊन शेतात कुठेतरी उभं करणार, कधी झुडपाआड, कधी धुऱ्याच्या सावलीत. मग दादा मला घेऊन जाणार. हरिण दिसलं की ठरवायचं, सोडायचा की नाही. दहा श्वासांत निर्णय. मागे नेहमी धुऱ्याची माती असेल, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.

पहिल्या खेपेला रावसाहेब चौदा पावलांवर आडवे होते. बाण श्वासाच्या जागी. दुसऱ्या खेपेला पलीकडे तिरके. मी मागे नेम धरला, दादांनी कमची घातली, ती बरोबर पलीकडच्या पायाशी निघाली. तिसऱ्या खेपेला रावसाहेब सरळ माझ्याकडे तोंड करून उभे. मी धनुष्य खाली केलं. दादांनी मान डोलावली, आणि यूसुफभाई मागून पुटपुटले, "शेठ, आता एकच. मग नाष्टा."

त्या नाष्ट्याने घात केला असं मला म्हणायला आवडेल, पण खरं सांगायचं तर गर्वाने केला. चौथ्या खेपेला रावसाहेब बारा पावलांवर होते, जरासे माझ्याकडे वळलेले. जरासेच. वर्तुळ स्वच्छ दिसत होतं. हात भरात होता. मी सोडला, आणि बाण वर्तुळाच्या मधोमध, गच्चीवरच्या सगळ्या सकाळींपेक्षा सुंदर लागला.

"दहा!" मी ओरडलो.

कोमटीदादांनी कमची घातली. ती आत गेली, मागे मागे सरकत गेली, आणि कोळशाने काढलेल्या त्या थोरल्या पोटातून बाहेर आली.

आता नियम सुरू. जानोबाईने रावसाहेबांना उचललं, कमरेला एक बाटली खोचली आणि धुऱ्यापलीकडे निघून गेली. बाटलीत पळसाच्या फुलांचं पाणी होतं, पाला ठेचून गढूळ केलेलं. पोटाच्या जखमेचा माग तसाच असतो, काळपट आणि हिरवट, असं दादांनी सांगितलं.

मी लगेच उठलो. दादांनी हात धरून खाली बसवलं. "आता गेला तं ते उठून पळन. त्याले पडू दे. ऊन त्या मोहाच्या झाडाच्या शेंड्यावर येईस्तोर बस."

मी बसलो. यूसुफभाईंना कोणताच नियम लागू नव्हता. त्यांनी माझ्यासमोर तांदळाच्या भाकरीबरोबर अंड्याची भुर्जी खाल्ली, आणि प्रत्येक घासाला माझ्याकडे अतीव दुःखाने पाहिलं. "शेठ, तुमच्या वाट्याचंबी मलेच खावं लागून राह्यलं. मैत्री म्हणजे हेच."

ऊन शेंड्यावर आलं आणि मी माग धरला. पहिले थेंब सोपे होते. वाळल्या पानांवर गढूळ तांबूस ठिपके. मग अंतर वाढलं. एका ठिकाणी गवत दबलेलं, तिथे थेंबांचं थारोळं. इथे हरिण बसून उठलं होतं. मला त्या रिकाम्या जागेकडे पाहवेना. गंमत म्हणून आलो होतो. फोमचं जनावर, फुलांचं पाणी, सगळं खोटं, आणि तरी मी त्या थारोळ्यावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून पुढे गेलो.

पुढे मी चूक केली. जखमी जनावर उताराला, पाण्याकडे जातं, एवढं ऐकून मी थेंब सोडून सरळ नाल्याकडे धावलो. तासभर नाल्याच्या काठाने वरखाली केलं. काही नाही. दुपार टळायला लागली होती आणि पोट मोठ्याने बोलत होतं.

यूसुफभाई एका धुऱ्यावर चढून उभे होते. ते एकदम खाली उतरले आणि माझ्या कानाशी आले. "शेठ, मले जानोबाईचं लुगडं दिसलं. सांगू का? कोणाले नाई कळणार. तुमची कसम."

मला वाटतं, आयुष्यात इतक्या गोड आवाजात मला कोणी काही देऊ केलं नसेल. माझं तोंड 'कुठं?' म्हणायला उघडलंही.

"नका सांगू," मी म्हणालो.

"भुकेनं मराल."

"तिकडे अमेरिकेच्या जंगलात मला लुगडं दिसणार आहे का?"

ते म्हणाले, "हे बाकी बराबर बोलले."

मी शेवटच्या थेंबापर्यंत परत गेलो. तिथे रुमाल बांधला आणि त्याच्याभोवती घेर घ्यायला लागलो, लहान घेर, मग मोठा, आमच्या दुकानात हरवलेली पावती शोधतो तसा, एकेक पान बघत. तिसऱ्या घेरात एक थेंब सापडला. तो नाल्याकडे नव्हताच. जनावर आधी झुडपात वळून मागे पाहायला थांबलं होतं, मग उलट्या बाजूला गेलं होतं. त्यानंतर मी एकही थेंब सोडून पुढचं पाऊल टाकलं नाही.

रावसाहेब नाल्यापासून लांब, शेताच्या एका कोपऱ्यात, जांभळाखाली कुशीवर पडले होते. शेजारी जानोबाई मांडी घालून बसली होती. उन्हं कलली होती. ती सकाळपासून तिथेच होती.

"आला?" ती म्हणाली. सबंध दोन दिवसांत माझ्याशी बोललेला तिचा हा पहिला शब्द.

"आलो, बाई."

"तू बाण मारला तवापासून आतापर्यंत हे जितं होतं," तिने रावसाहेबांच्या मानेवर हात ठेवला. "लवकर आला असता तं मी याले उचलून अजून पुढं नेलं असतं. ते तसंच करते."

मी खाली बसलो. नाक्यावरच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे आता एका हरणापुरतं उत्तर होतं. आठ बाकी होती.

कोणाचा शब्द

कोमटीदादा मागून येऊन पोचले होते. यूसुफभाईंनी लगेच, अभिमानाने, आपण लाच देऊ केली आणि शेठनी ती नाकारली हे सगळ्यांना सांगून टाकलं. दादा मान हलवत हसले.

"नेम चांगला हाय तुया. गर्व हाय, तो उपाशी राहून उतरते. माग काढता येते. माग सुटला तं परत जाता येते. मी हो म्हणतो."

मी हात जोडले. राजाच्या भूमिकेतलं एक लांबलचक भाषण ओठांवर आलं होतं.

"पण माझं हो चालत नाई," दादा म्हणाले. "जो जनावराजवळ बसला, त्याचं चालते. हिले विचार."

जानोबाईने माझ्याकडे पाहिलं. "माझं लग्न झालं त्या साली यानं सांबर मारलं होतं. पोटात. दोन दिवस आमी शोधलं. सापडलं तवा जितं होतं. हा गावात पळाला, सुरा आणाले, मी त्याच्याजवळ बसली. ते माझ्याकडं पाहत होतं. मी पंधरा वर्षांची व्हती." तिने पदर खोचला. "तुया मेहुण्याच्या तिथी किती दिवस जाता शिकारीले?"

"तीन दिवस. शुक्रवार, शनिवार, रविवार. रविवारी दुपारी मेहुण्याला परत निघावं लागतं. सोमवारी त्याची नोकरी."

"मंग रविवारी मारलं अन् सापडलं नाई, तं?"

जानोबाईने शेजारच्या मातीवर हात थोपटला.

"कोण बसन त्याच्याजवळ?"

दादा आता हसत नव्हते. यूसुफभाईंनी चप्पल काढून उगाच झटकली.

"रविवारी सोडणार नाही," मी म्हणालो.

"शनिवारी सांजेले?"

मी मनात हिशोब केला. शनिवारी संध्याकाळी पोटात लागलं, थांबायला हवं, मग अंधार, मग रविवारी सकाळी माग, आणि सापडलं नाही तर दुपारी निघायची वेळ. "शनिवारी सांजेलाही नाही. दुपारनंतर कोणत्याच दिवशी नाही."

"मंग उरलं का?"

"शुक्रवारची सकाळ. आणि शनिवारची."

"पंधरा पावलांच्या आत," दादा म्हणाले.

"आडवं उभं असेल तर," मी म्हणालो. "किंवा पलीकडे तिरकं. मान खाली, कान ढिले."

"तसं नाई दिसलं तं?"

"तर पाहून परत येईन."

जानोबाईने मला, पहिल्या दिवशी रावसाहेबांना पाहिलं होतं तसं, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. इतकी वर्षं रंगमंचावर उभा राहिलो, पण असं निरखून मला कोणी पाहिलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच मी चेहऱ्याचं काही करायला गेलो नाही.

"दोन सकाळी," ती म्हणाली. "हो. जा."

मग तिने पाठीमागून एक गाठोडं पुढे ओढलं. त्यात पळसाच्या पानात बांधलेला भात होता, सकाळचा, गार, चटणीसकट. बरोबर दोन पुडे होते. सकाळपासून ती स्वतःही जेवली नव्हती.